दत्तक घेतलेला कुत्रा सांभाळणं जमत नसेल, तर तो संस्थेलाच परत द्यायचा का?

'अर्जंट! या गोड मुलाला घर हवंय.' इन्स्टाग्रामवर किंवा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर अशा पोस्ट तुम्हीही पाहिल्या असतील. बदली झाली, घरमालक ऐकत नाही, घरात बाळ आलं, अशी कारणं दिलेली असतात. तो कुत्रा मुळात एखाद्या संस्थेकडून दत्तक घेतलेला असेल, तर कमेंटमध्ये वाद ठरलेला. काही जण म्हणतात, 'संस्थेलाच परत द्या.' बाकीचे विचारतात, 'चांगलं घर मिळत असेल तर पुन्हा पिंजऱ्यात कशाला?'

नेमकं बरोबर काय? समजून घेऊया.

दत्तक फॉर्मवर आपण कशाला सही करतो?

कुत्र्याच्या बाबतीत 'दत्तक' हा शब्द रूढ झाला आहे. पण १९५६ चा हिंदू दत्तक कायदा माणसांच्या मुलांसाठी आहे. कायद्याच्या नजरेत पाळीव कुत्रा ही मालमत्ता असते आणि संस्थेचा फॉर्म हा दोन पक्षांमधला करार असतो.

अनेक संस्थांच्या फॉर्ममध्ये साधारण सारख्याच अटी असतात. लसीकरण आणि नसबंदी करायची, कुत्रा विकायचा नाही, सोडून द्यायचा नाही आणि सांभाळणं शक्य नसेल तर आधी संस्थेला कळवायचं. काही संस्था 'परत आम्हालाच द्यायचा' असं स्पष्ट लिहून घेतात. ही अट मोडली तर तो मुख्यतः दिवाणी वाद ठरतो. त्यामुळे फॉर्म काढून वाचणं ही पहिली पायरी.

संस्था कुत्रा परत का मागतात?

कुत्र्याचा इतिहास त्यांच्याकडे असतो. तो कुठे सापडला, कोणत्या लसी झाल्या, तो कशाला घाबरतो, लहान मुलांशी कसा वागतो, हे त्यांना माहीत असतं. नवं घर शोधताना ही माहिती मोलाची ठरते.

दुसरं कारण म्हणजे 'फुकट कुत्रा' घेणारा प्रत्येक जण पाळायलाच घेतो असं नाही. कुणी फक्त पिल्लं काढायला नेतो, तर कुणी राखणीसाठी दिवसभर साखळीला बांधून ठेवतो. एका हातातून दुसऱ्या, तिथून तिसऱ्या हातात गेलेल्या कुत्र्याचा माग लागत नाही.

मग दुसऱ्या बाजूचं म्हणणं चुकीचं आहे का?

नाही. परत आलेल्या कुत्र्याला शेल्टरमधला गोंगाट, अनोळखी कुत्रे आणि संसर्गाचा धोका यांना तोंड द्यावं लागतं. संस्थांकडे जागाही कमी असते. ओळखीच्या घरात तो थेट गेला तर हा त्रास वाचतो.

हा पेच जगाने २००७ मध्ये पाहिला. अमेरिकेतल्या टीव्ही सूत्रसंचालक एलेन डीजेनेरेस यांनी 'मट्स अँड मॉम्स' या संस्थेकडून 'इगी' नावाचा कुत्रा घेतला होता. घरातल्या मांजरींशी त्याचं जमेना, म्हणून त्यांनी तो आपल्या हेअरड्रेसरच्या कुटुंबाला दिला. करारात याला परवानगी नव्हती. संस्थेने कुत्रा परत नेला. एलेन कार्यक्रमात रडल्या, संस्थेच्या लोकांना धमक्या आल्या आणि इगी तिसऱ्याच घरी गेला.

एलेन यांचा हेतू चांगला होता आणि संस्थेची अटही लेखी होती. राहून गेली ती एकच गोष्ट. कुत्रा देण्याआधी संस्थेला विचारलं गेलं नाही.

कायदा काय सांगतो?

प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्यानुसार, उपासमार किंवा तहानेने हाल होतील अशा स्थितीत प्राणी विनाकारण सोडून देणं गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड मात्र १० ते ५० रुपयेच आहे. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार पाळीव कुत्र्याचं लसीकरण आणि नसबंदी ही मालकाची जबाबदारी आहे.

ऑक्टोबर २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने भटक्या कुत्र्यांना खायला घालणाऱ्यांनी ते रीतसर दत्तक घ्यावेत, असं म्हटलं होतं. पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. म्हणजे दत्तक घेण्याची सक्ती नाही. पण एकदा घेतल्यावर काय? २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, की पालिकेकडून दत्तक घेतलेला कुत्रा पुन्हा रस्त्यावर येणार नाही, ही जबाबदारी घेणाऱ्याची.

'गावी शेतावर सोडू' हा पर्याय आहे का?

समजा, बुलढाणा जिल्ह्यातल्या साखरखेर्ड्याच्या एका तरुणाने पुण्यात नोकरी करताना कुत्रा दत्तक घेतला. नोकरी सुटली आणि तो कुत्र्यासह गावी परतला. आता घरचे म्हणतात, 'शेतावर सोड, राहील तिथंच.' पुणे तीनशेहून अधिक किलोमीटर लांब. परत नेणार कसं?

फ्लॅटमध्ये वाढलेल्या कुत्र्याला गावातले कुत्रे आपल्या हद्दीत सहज टिकू देत नाहीत. त्याला रस्त्यावरच्या गाड्यांची सवय नसते, अन्न शोधणंही येत नाही. नसबंदी झालेली नसेल तर पिल्लं होतात. रेबीजची लस चुकली तर धोका अख्ख्या गावाला. रोज खायला-पाणी द्यायला आणि आजारपण बघायला माणूस नसेल, तर शेतावर ठेवणं म्हणजे सोडून देणंच.

पण गावात चांगलं घर मिळूच शकत नाही, असंही नाही. अशा वेळी संस्थेला फोन करून, नव्या घराची माहिती आणि फोटो पाठवून लेखी संमती मागता येते. व्हिडिओ कॉलवर घर दाखवता येतं.

थोडक्यात, काय करावं?

- खरंच द्यायची गरज आहे का, हे आधी बघा. नव्या घरात रुळायला कुत्र्याला तीन महिनेही लागू शकतात. भुंकणं, चावरेपणा किंवा घरात घाण करणं यामागे आजारही असू शकतो. आधी पशुवैद्यकांना दाखवा.
- द्यायचंच ठरलं तर पोस्ट टाकण्याआधी संस्थेला कळवा. 'आजच्या आज न्या' म्हणू नका, काही आठवडे हाताशी ठेवा.
- शक्य असेल तर नवं घर मिळेपर्यंत कुत्रा तुमच्याकडेच राहू द्या. शेल्टरमधली जागा जखमी आणि बेघर कुत्र्यांसाठी उरते.
- कुत्रा चावला असेल किंवा आजारी असेल तर लपवू नका. संस्थेलाही सांगा, नव्या कुटुंबालाही.
- नव्या मालकाला लसीकरणाचं कार्ड, नसबंदीचा दाखला आणि लेखी हस्तांतर द्या. परवाना किंवा मायक्रोचिप असेल तर त्यावरचं नाव बदला.
- संस्था बंद पडली असेल किंवा उत्तर देत नसेल, तर केलेले मेसेज जपून ठेवा आणि दुसऱ्या संस्थेची किंवा पशुवैद्यकीय दवाखान्याची मदत घ्या. २००१ च्या नियमांनुसार प्रत्येक जिल्ह्यात प्राणी क्लेश प्रतिबंधक सोसायटी असणं अपेक्षित आहे. पशुसंवर्धन विभागाकडे तिची चौकशी करा.

म्हणजे कुत्रा प्रत्येक वेळी शेल्टरमध्येच परत गेला पाहिजे असं नाही. पण तो कुठे जाणार, हे ठरवताना संस्थेला विचारलंच पाहिजे. आणि नवं घर पक्कं होईपर्यंत तो तुमचाच असतो.