एकाच वर्षी ओळखले गेलेले दोन किडे

१८३८ साली श्टुटगार्टच्या पशुवैद्यक शाळेतले एडुआर्ड हेरिंग यांनी जनावरांच्या खरजेमागच्या सूक्ष्म किड्यांची, म्हणजे माइटची, वर्णनं प्रसिद्ध केली. माणसाच्या खरजेचा किडा पॅरिसमध्ये सिमाँ फ्रांस्वा रनुची यांनी सर्वांसमोर सुईच्या टोकावर काढून दाखवला, त्याला तेव्हा जेमतेम चार वर्षं झाली होती. हेरिंग यांच्या किड्यांपैकी एक मेंढीच्या कातडीवर राहून तिची लोकर गळवणारा, तर दुसरा कुत्र्याच्या कानात सापडलेला. हा दुसराच मांजराच्या कानातही राहतो, आणि मांजराला कुत्र्यापेक्षा जास्त छळतो. त्याचं शास्त्रीय नाव मात्र अजूनही कुत्र्याच्याच कानावरून आहे. आजच्या वर्गीकरणात हे दोन्ही किडे एकाच कुळातले मानतात. त्यांना एकाच माणसाने एकाच वर्षी वर्णिलं, पण पुढे मेंढीला एक वागणूक मिळाली आणि मांजराला दुसरी. मेंढीसाठी पंधरा वर्षांच्या आत कारखान्यात तयार झालेलं औषध बाजारात आलं, मागोमाग कायदेही आले. मांजराच्या वाट्याला विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत बहुतेक वेळा कोमट तेलाचे थेंबच आले. एवढा उशीर ज्ञान कमी पडल्यामुळे झाला असं मानायचा मोह होतो. इतिहास पाहिला तर ते पटत नाही. मांजर बराच काळ कुणाचं ‘पेशंट’ नव्हतं, हे त्याचं खरं कारण आहे.

आधी दुखणं नेमकं काय आहे ते पाहू. मांजराच्या कानाची नळी आधी खाली जाते आणि मग आत वळते, म्हणून बाहेरून डोकावून तळ दिसत नाही. माइट झालेल्या कानात कॉफीच्या चोथ्यासारखी काळपट, भुसभुशीत घाण साठते. ती काळ्या कागदावर पसरून भिंगातून पाहिली तर पांढरे ठिपके हलताना दिसतात. एकेक किडा मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्शाएवढा असतो. मेंढीच्या किड्यासारखाच तोही कातडी पोखरत नाही, वरवर राहतो आणि कातडीचा कोंडा व तिच्यातून पाझरणारे स्राव यांवर जगतो. मांजर मागच्या पायाने कान ओरबाडतं, डोकं झाडतं; कधी कानाच्या पाळीतली शीर फुटून पाळी रक्ताने टम्म फुगते. अंड्यापासून पूर्ण वाढीपर्यंत किड्याला सुमारे तीन आठवडे लागतात, आणि सगळी गोम इथेच आहे. तेलात किडे गुदमरून मरतात, पण अंडी तग धरतात. तेलाने चार दिवस आराम पडतो, मग अंडी फुटतात आणि खाज पुन्हा सुरू होते. घरातल्या दुसऱ्या मांजराला औषध दिलं नसेल तर त्याच्याकडूनही किडे परत येतात. नेटाने तीन-चार आठवडे तेल घातलं आणि घरातली सगळी मांजरं हाताळली, तर बराच फरक पडू शकला असता. त्यासाठी किड्याचं आयुष्य मोजणारं कुणीतरी हवं होतं.

मेंढीच्या किड्याचं आयुष्य लोकांनी मोजलं. १८५२ साली इंग्लंडमधल्या बर्कमस्टेड गावी विल्यम कूपर यांनी सोमल आणि गंधक यांची पूड तयार केली. ती पाण्यात कालवायची आणि अख्खी मेंढी त्या हौदात बुडवून काढायची. ही पूड जगभर गेली. ऑस्ट्रेलियाने एकोणिसावं शतक संपता संपता आपल्या कळपांतून हा रोग हद्दपार केला. ब्रिटनने मेंढ्या बुडवणं सक्तीचं केलं आणि १९५२ साली देश रोगमुक्त झाल्याचं जाहीर केलं. (१९७३ साली रोग परतला, ती गोष्ट वेगळी.) कूपर यांच्याजवळ हेरिंग यांच्यापेक्षा फार खोल विज्ञान होतं असं नाही. लोकरीचा व्यापार मात्र पाठीशी होता, आणि खरजेने गळालेल्या लोकरीचा हिशोब शिलिंग-पेन्समध्ये मांडता येत होता.

यावर पहिला आक्षेप रास्त आहे: मांजराला सोमलाच्या हौदात बुडवता येत नाही. ते अंग चाटतं, म्हणजे कातडीवर लावलेलं विष थेट पोटात जातं. मांजराचं शरीर काही औषधांच्या बाबतीत खरोखरच वेगळंही आहे. कार्बोलिक अ‍ॅसिडच्या जातीची द्रव्यं निकामी करून बाहेर टाकण्याचं जे काम यकृत करतं, त्यासाठी लागणारं एक एन्झाइम मांजरात बनतच नाही. त्याचं जनुक उत्क्रांतीच्या ओघात मोडून पडलं आहे. कुत्र्याच्या खरजेवर सर्रास वापरलं जाणारं कार्बोलिक म्हणूनच मांजराला बाधत असे. पण हे मोडकं जनुक दाखवून देणारा अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. मांजराला छोटा कुत्रा समजून औषध देण्याची प्रथा तोवर शतकभर चालली होती, आणि ती पुरती गेलेली नाही: कुत्र्यांसाठीचं परमेथ्रिन हे कीटकनाशक मानेवर टाकल्याने आजही मांजरं दगावतात. तेव्हा मांजर अवघड होतं हे मान्य केलं, तरी ते किती आणि का अवघड आहे हे शोधायला इतका वेळ का लागला, हा प्रश्न शिल्लक राहतोच. दुसरा आक्षेप असा की या दुखण्याने सहसा जीव जात नाही, मग घाई कसली? माणसाच्या खरजेनेही सहसा जीव जात नाही, तरी तिच्यावर पॅरिसच्या इस्पितळांत स्वतंत्र विभाग चालत.

‘पेशंट’ नसण्याची ही स्थिती एकोणिसाव्या शतकाहून फार जुनी आहे. हवेल द्दा या राजाच्या नावाने चालणारे वेल्स देशाचे मध्ययुगीन कायदे मांजराची किंमतच ठरवून देतात: डोळे उघडण्याआधी एक पेनी, उंदीर मारेपर्यंत दोन, त्यानंतर चार. चांगल्या मांजराची लक्षणंही तिथे आहेत. डोळे, दात, नखं यांच्याबरोबर कानही धड हवेत. लक्षणांत खोट निघाली तर विकणाऱ्याने किमतीचा काही भाग परत करायचा. मांजराला मोल नव्हतं, या म्हणण्याला हा पुरावा थेट छेद देतो असं वाटेल. पण कायदा खराब कानाचं काय करायला सांगतो ते पाहा: पैसे परत. कान बरा करण्याची वाट तिथे नाही, कारण चार पेन्सच्या जनावरावर वैद्याचा खर्च करण्यापेक्षा दुसरं मांजर आणणं स्वस्त. आपल्याकडेही चित्र फार निराळं नाही. सुश्रुतसंहितेत माणसाच्या कानाचे अठ्ठावीस रोग मोजले आहेत. त्यांत कानाची खाज, म्हणजे कर्णकंडू, आहे आणि कानात कृमी होणंही आहे. प्राण्यांच्या वैद्यकावरचे आपले नावाजलेले ग्रंथ मात्र शालिहोत्राच्या नावाने घोड्यांचे आणि पालकाप्याच्या नावाने हत्तींचे, म्हणजे ज्यांच्यावर राज्य चाले त्या जनावरांचे. १८३४ साली मुंबईत पांजरापोळ उभी राहिली तेव्हा तिथे निरुपयोगी, विनामोलाच्या जनावरांनाही आसरा मिळाला, आणि ही गोष्ट लहान नव्हे. आसऱ्यात पोटाला मिळत होतं, मारलं जाण्यापासून सुटका होत होती. रोगनिदान हे निराळं काम होतं. ते करणारी संस्था परळला १८८६ साली आली, बॉम्बे व्हेटर्नरी कॉलेज. सरकारला त्या शास्त्राची निकड होती ती गुरं आणि घोडे यांच्यासाठी. १८८९ साली पुण्यात सुरू झालेली आणि पुढे मुक्तेश्वरला हललेली प्रयोगशाळाही गुरांच्या साथींसाठीच होती.

मांजराच्या कानाबद्दल विज्ञानाला काहीच ठाऊक नव्हतं, असं तर म्हणताच येत नाही. निळ्या डोळ्यांची मांजरं हटकून बहिरी असतात असं डार्विन यांनी १८५९ च्या ग्रंथातच लिहिलं, कारण त्यांना एकमेकांशी जोडलेल्या गुणांसाठी उदाहरण हवं होतं. प्रिन्स्टन विद्यापीठात १९२९ साली अर्नेस्ट वेव्हर आणि चार्ल्स ब्रे यांनी बेशुद्ध केलेल्या मांजराच्या श्रवणतंतूला तार जोडली. एकजण मांजराच्या कानाशी बोलला आणि लांबच्या आवाजबंद खोलीत दुसऱ्याला टेलिफोनच्या रिसीव्हरवर त्याचे शब्द ऐकू आले. ऐकणं म्हणजे काय, हे समजण्याच्या वाटेवरचा तो मोठा टप्पा होता, आणि त्यानंतर कित्येक दशकं मांजराचा कान हा श्रवणशास्त्राचा लाडका विषय राहिला. या कानाच्या आतल्या तंतूंचा एकेक झटका मोजला जात असताना बाहेरच्या नळीतली खाज अजून तेलावरच चालली होती. यात दुष्टावा शोधायची गरज नाही. प्रयोगशाळेतलं मांजर माणसाच्या श्रवणाबद्दल विचारलेल्या प्रश्नांना उत्तरं देत होतं, एवढंच.

मग बदल कशाने झाला? एक उगम मांजरांच्या प्रदर्शनात आहे. १८७१ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये हॅरिसन वेअर यांनी पहिलं मोठं प्रदर्शन भरवलं आणि जातिवंत मांजरांना किंमत आली. त्या काळच्या इंग्रजी मार्गदर्शक पुस्तकांत कानाच्या दुखण्याला ‘कँकर’ म्हणून जागा मिळू लागली, पण त्या एका नावाखाली किडे, जंतू, बुरशी, जखम सगळं एकत्र कोंबलेलं असे. केवळ किंमत वाढल्याने वैद्यक सुधारलं असतं तर कान तेव्हाच बरे व्हायला हवे होते. माझ्या मते खरं वळण नंतरचं आहे आणि ते मोटारीने घडवलं. शहरांतले घोडे गेले तसे शहरी पशुवैद्यांचे जुने पेशंट संपले आणि त्यांची नजर घरातल्या छोट्या जनावरांकडे वळली. दुसरीकडे १९१७ साली लंडनच्या गरीब वस्तीत मारिया डिकिन यांनी मोफत दवाखाना उघडला. प्रस्थापित पशुवैद्यांना तो रुचला नाही, तरी ज्यांची मांजरं बाजारभावाने कवडीमोलाची होती अशी माणसं तिथे आली. मालकाला पैसे नसले तरी ओढ आहे, हे त्या रांगांतून दिसलं, आणि ‘किंमत नाही म्हणून उपचार नाही’ हे समीकरण तिथे पहिल्यांदा उघडपणे खोटं ठरलं. १९२५ साली हॅमिल्टन कर्क यांचं केवळ मांजरांच्या रोगांवरचं पुस्तक आलं. न्यूयॉर्कमध्ये लुइस कामुटी मांजरांचेच डॉक्टर म्हणून घरोघरी जाऊ लागले. १९५८ साली ब्रिटनमध्ये जोन जड यांनी फीलाइन अ‍ॅडव्हायझरी ब्युरो स्थापन केला. मांजराच्या आजारांवर पुरेसं संशोधन होत नाही हीच त्यांची तक्रार होती. या यादीतली निदान दोन नावं व्यवसायाबाहेरच्या बायकांची आहेत, हे मला योगायोगाचं वाटत नाही.

औषध मात्र पुन्हा गुराढोरांच्या दारातूनच आलं. जपानच्या कावाना भागातल्या मातीत सातोशी ओमुरा यांना सापडलेल्या जिवाणूपासून अमेरिकेत विल्यम कॅम्पबेल यांच्या गटाने आयव्हरमेक्टिन घडवलं. १९८१ पासून ते जनावरांसाठी विकलं जाऊ लागलं, ते मुख्यतः गुरं, मेंढ्या आणि घोडे यांच्यासाठी. मांजरांच्या डॉक्टरांनी ते हळूहळू आपल्याकडे ओढलं. त्याच घराण्यातलं, पण कुत्र्यामांजरांना डोळ्यांसमोर ठेवून निवडलेलं सेलामेक्टिन १९९९ साली आलं. मानेवर कातडीला लावायचे थेंब, आणि कानातले किडे मरतात. हेरिंग यांच्या वर्णनापासून इथपर्यंत एकशे एकसष्ट वर्षं.

या दोन औषधांच्या मधल्या काळात न्यूयॉर्क राज्यातले पशुवैद्य रॉबर्ट लोपेझ यांनी आपला अनुभव १९९३ साली अमेरिकी पशुवैद्यकांच्या नियतकालिकात छापला. मांजराच्या कानातली घाण सूक्ष्मदर्शकाखाली तपासून, किडे आहेत याची खात्री करून, त्यांनी ती कोमट पाण्यातून स्वतःच्या कानात घातली होती. आधी खरखर ऐकू आली, मग खाज सुटली. रात्र चढली की किड्यांची हालचाल वाढे आणि झोप उडे. काही आठवड्यांनी त्रास थांबल्यावर त्यांनी प्रयोग पुन्हा केला, आणि मग तिसऱ्यांदा. दरवेळी त्रास कमी होत गेला. १९९४ साली त्यांना विनोदी संशोधनाचं इग नोबेल मिळालं. हसू येणं साहजिक आहे, तरी मांजराला त्या किड्यांनी नेमकं काय होतं हा प्रश्न मांजराच्या जागेवरून कुणी क्वचितच विचारला होता.

किडे आवाक्यात आल्यावर एक नवी अडचण पुढे आली. मांजराने कान खाजवला की माइटच, असं मालक आणि काही डॉक्टरही धरून चालतात. पाठ्यपुस्तकं मांजराच्या कानाच्या दाहाच्या साधारण निम्म्या घटना माइटवर टाकतात, आणि त्यातही पिल्लं व बाहेर फिरणारी मांजरं जास्त. फ्लॅटच्या बाहेर न पडणाऱ्या प्रौढ मांजराचा कान खाजत असेल तर अन्नाची किंवा धुळीची अ‍ॅलर्जी, यीस्ट, पिसवा, क्वचित कानात वाढलेला पॉलिप, असं काहीही असू शकतं. पुण्या-मुंबईच्या घरांत आपल्याच कानाचा उपाय म्हणून कढवलेलं लसणाचं तेल अशा कानातही जातं. लसूण मांजराला विषारी आहे, आणि आतला पडदा फाटलेला असेल तर कोणताही थेंब आत धोका करू शकतो. अन्नाची अ‍ॅलर्जी ओळखायची तर आधी घाणीचा नमुना सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा लागतो, मग सुमारे आठ आठवडे ठरावीक आहार, आणि त्या काळात ताटातला माशाचा एकही तुकडा नाही.