नोंदवहीपासून तिसऱ्या पिढीपर्यंत : पुणे मातृपोषण अभ्यासाचा इतिहास

प्रास्ताविक

महाराष्ट्राच्या आधुनिक इतिहासलेखनात रोगांचा इतिहास आला तो प्रामुख्याने साथींच्या निमित्ताने. १८९७ चा पुण्यातील प्लेग, १९१८ चा इन्फ्लुएन्झा आणि त्यांतून उद्‌भवलेले राजकीय संघर्ष यांवर विपुल लेखन उपलब्ध आहे. मधुमेह, हृद्रोग, रक्तदाब यांसारख्या दीर्घकालीन विकारांना मात्र असा इतिहास मिळालेला नाही. साथीला आरंभ असतो, शेवट असतो, सरकारी हुकूम असतात, दंगे असतात. मधुमेह घरात शिरतो तेव्हा कोणतीही तारीख लिहिली जात नाही. त्यामुळे इतिहासकाराला लागणारी साधने येथे आयती मिळत नाहीत, ती आधी कोणीतरी निर्माण करावी लागतात. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाच्या मधुमेह विभागाने १९९३ मध्ये जिल्ह्यातील सहा खेड्यांत आरंभिलेला ‘पुणे मातृपोषण अभ्यास’ हा अशा साधननिर्मितीचा महाराष्ट्रातील एक मोठा प्रयत्न होय. त्या अभ्यासाने काय सिद्ध केले याची चर्चा वैद्यकीय नियतकालिकांतून भरपूर झाली आहे. त्याने कशाची नोंद केली, कोणाच्या आधाराने केली आणि नोंदवलेल्या गोष्टींपैकी कशाचा पाठपुरावा अधिक झाला, हे प्रश्न इतिहासाचे आहेत.

पार्श्वभूमी : तीन प्रकारचे दप्तर

या अभ्यासाची वैचारिक मुळे इंग्लंडमधील हर्टफर्डशर परगण्यात आहेत. तेथे १९११ मध्ये एथेल मार्गारेट बर्नसाइड या आरोग्य-निरीक्षिकेची नेमणूक झाली. अशक्त सैनिकांच्या भरतीने चिंतित झालेल्या तत्कालीन ब्रिटनला बालकांचे आरोग्य सुधारायचे होते. बर्नसाइडबाईंच्या परिचारिका सायकलीवरून घरोघरी जात, नवजात अर्भकाचे वजन आणि वर्ष पूर्ण झाल्यावरचे वजन वहीत टिपून ठेवीत. या वह्यांचे पुढे काय होणार हे त्यांना ठाऊक असण्याचे कारणच नव्हते. साउथँप्टनचे प्रा. डेव्हिड बार्कर यांनी त्या वह्यांच्या आधारे ५,६५४ पुरुषांचा माग काढला आणि १९८९ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये दाखवून दिले की, जन्मतः व पहिल्या वाढदिवशी वजनाने कमी असलेल्यांत हृद्रोगाने मरण्याचे प्रमाण अधिक होते. १९९२ मध्ये निकोलस हेल्स आणि बार्कर यांनी हाच विचार मधुमेहाला लावला. गर्भावस्थेत उपासमार सोसलेले शरीर काटकसरीने वागण्यास शिकते आणि पुढे अन्नाची मुबलकता झाली की हीच काटकसर त्याला बाधते, असे त्यांच्या मांडणीचे सार आहे.

भारतात या मांडणीची परीक्षा घ्यावयाची तर दप्तर कोणते वापरावे? म्हैसूरच्या होल्ड्सवर्थ मेमोरियल रुग्णालयात १९३४ पासूनच्या जन्मनोंदी जपलेल्या होत्या. तेथे हर्टफर्डशरप्रमाणेच मागे वळून पाहणे शक्य झाले. परंतु ती नोंद रुग्णालयात आलेल्या बाळंतिणींची होती. महाराष्ट्राच्या खेड्यात बाळंतपण घरी होई, सुईण बाळाची नाळ कापी आणि वजनकाटा कोठेच नसे. जन्माचा उल्लेख व्हायचाच तर तो ‘दुष्काळाच्या साली’, ‘आखाजीच्या आदल्या दिवशी’ असा. अशा समाजात मागे पाहणारा अभ्यास संभवत नाही. नोंद नव्याने करून वर्षानुवर्षे वाट पाहण्यावाचून अन्य मार्ग नव्हता.

ती वाट पाहण्यास तयार झालेले संशोधक म्हणजे डॉ. चित्तरंजन याज्ञिक. ऑक्सफर्ड येथील संशोधनानंतर ते पुण्यास परतले आणि के. ई. एम. रुग्णालयात मधुमेहाचे काम करू लागले. मधुमेह हा सुखवस्तू, स्थूल आणि उतारवयाच्या माणसांचा रोग, असे पाश्चात्त्य पाठ्यपुस्तकांचे चित्र होते. त्यांच्यासमोर येणारे अनेक रुग्ण तरुण होते आणि पाश्चात्त्य मोजमापाने स्थूलही नव्हते. (सुश्रुतसंहितेत प्रमेहाचे सहज आणि अपथ्यनिमित्तज असे दोन प्रकार सांगून पहिल्याचा रोगी कृश व दुसऱ्याचा स्थूल असल्याचे वर्णन आहे. मात्र तेवढ्यावरून आधुनिक सिद्धान्ताचे श्रेय प्राचीनांना देण्याचा मोह टाळलेला बरा.) साउथँप्टनच्या डॉ. कॅरोलिन फॉल यांच्या सहकार्याने के. ई. एम. रुग्णालयात जन्मलेल्या चार वर्षांच्या मुलांची तपासणी झाली. जन्मवजन कमी असलेल्या मुलांत साखर दिल्यानंतरची रक्तशर्करा अधिक आढळली, हा निष्कर्ष १९९५ मध्ये प्रसिद्ध झाला. खेड्यातील अभ्यास तोपर्यंत सुरू झालेला होता.

सहा खेडी आणि एक तारीख

पुण्याच्या पूर्वेकडील पर्जन्यछायेच्या पट्ट्यात के. ई. एम. रुग्णालयाचे नाव अपरिचित नव्हते. डॉ. बानू कोयाजी यांनी सत्तरच्या दशकात शिरूर तालुक्यातील वढू बुद्रुक येथे ग्रामीण आरोग्याचे काम उभे केले होते आणि गावच्याच व्यक्तींना आरोग्यसेवेचे प्रशिक्षण देण्याची पद्धत घालून दिली होती. १९९३ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मातृपोषण अभ्यास त्याच वर्षी सुरू झाला. अशा प्रदीर्घ ओळखीवाचून पुढील गोष्ट घडली नसती.

ही गोष्ट म्हणजे मासिक पाळीची तारीख. गर्भाचे वय अचूक कळावयाचे तर शेवटच्या पाळीची तारीख हवी आणि ती नंतर विचारून मिळत नाही. म्हणून सहा खेड्यांतील सुमारे अडीच हजार विवाहित स्त्रियांची नोंद गर्भधारणेपूर्वीच करण्यात आली आणि क्षेत्रकार्यकर्त्यांनी महिन्यामहिन्याला त्यांच्याकडे जाऊन ती तारीख टिपली. ज्या घरांत या विषयाचा उच्चारही होत नव्हता, त्या घरांत वर्षानुवर्षे हा प्रश्न विचारला गेला आणि त्याचे उत्तर दिले गेले. शोधनिबंधांत ही बाब ‘पद्धती’ या मथळ्याखाली एका वाक्यात संपते. इतिहासाच्या दृष्टीने मात्र सबंध अभ्यासाचा पाया तोच आहे.

पाळी चुकली की सोनोग्राफीने गर्भाचे वय पडताळले जाई. येथे काळाचे भान ठेवणे आवश्यक आहे. गर्भलिंगनिदानावर निर्बंध घालणारा कायदा महाराष्ट्राने १९८८ मध्ये केला होता. केंद्राचा कायदा १९९४ चा, तो अमलात आला १ जानेवारी १९९६ रोजी, म्हणजे नावनोंदणी चालू असतानाच. जे यंत्र शहरात मुलींच्या विरोधात वापरले जात होते, तेच येथे गर्भाची वाढ मोजत होते.

गर्भारपणाच्या अठराव्या व अठ्ठाविसाव्या आठवड्याच्या सुमारास स्त्रीचा आहार, कष्ट आणि रक्त यांची तपासणी होई. जन्मानंतर ७२ तासांच्या आत बाळाचे मोजमाप करावयाचे असे. पहिल्या बाळंतपणाला माहेरी जाण्याची रीत लक्षात घेतली म्हणजे ७२ तासांची ही अट किती कठीण होती हे कळते.

‘कृश-स्थूल’ अर्भक

हाती आलेले आकडे प्रथमदर्शनी दारिद्र्याचीच साक्ष देणारे होते. या स्त्रियांचे गर्भधारणेपूर्वीचे सरासरी वजन सुमारे ४२ किलो, उंची १५२ सेंटिमीटर, दिवसाचा आहार सुमारे १,८०० किलोकॅलरी आणि प्रथिने अवघी ४५ ग्रॅम. बाळांचे सरासरी जन्मवजन २.७ किलो. साउथँप्टनच्या बाळांचे सरासरी वजन ३.५ किलो होते. परंतु २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तुलनेतून एक अनपेक्षित गोष्ट पुढे आली. पुण्याच्या बाळाचे सर्व अवयव सारख्या प्रमाणात लहान नव्हते. पोटाचा घेर फार कमी, म्हणजे यकृतादी अवयव लहान; दंडाचा घेर कमी, म्हणजे स्नायू तोकडे. पाठीवरील त्वचेखालची चरबी मात्र बरीचशी टिकून होती. बाळ दिसण्यात कृश आणि घडणीत स्थूल होते.

पुढच्याच वर्षी डॉ. याज्ञिक आणि लंडनचे प्रा. जॉन युडकिन यांचे एकत्रित छायाचित्र ‘द लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. दोघांचा शरीरवस्तुमान निर्देशांक एकच, २२.३. शरीरातील चरबीचे प्रमाण मात्र याज्ञिकांत २१.२ टक्के आणि युडकिन यांच्यात ९.१ टक्के. वजनकाटा दोन माणसांना समान ठरवतो तेथे त्यांची शरीरे समान असतीलच असे नाही, हे एवढ्या सुगम रीतीने क्वचितच सांगितले गेले असेल.

भाजी, गोळी आणि कष्ट

आगरकर संशोधन संस्थेच्या डॉ. शोभा राव यांनी ७९७ गर्भवतींच्या आहाराचे केलेले विश्लेषण २००१ मध्ये प्रसिद्ध झाले. एकूण उष्मांक वा प्रथिने यांचा बाळाच्या वजनाशी अपेक्षित संबंध दिसला नाही. हिरव्या पालेभाज्या, फळे आणि दूध वारंवार खाणाऱ्या स्त्रियांची बाळे मात्र मोठी होती. म्हणजे पोटभर भाकरी हा प्रश्नाचा केवळ एक भाग होता, भाकरीबरोबर ताटात काय येते हा दुसरा.

तेथून संशोधन सूक्ष्मपोषकांकडे वळले. सुमारे दोन-तृतीयांश मातांमध्ये ब-१२ जीवनसत्त्व कमी होते. प्राणिज पदार्थांवाचून ते मिळत नाही आणि दूध असले तरी ते घरात राहतेच असे नाही. फोलेटची कमतरता मात्र जवळजवळ कोणातच नव्हती. पालेभाजीबरोबरच याचे एक कारण शासकीय आहे. १९७० पासूनच्या राष्ट्रीय रक्तक्षय प्रतिबंध कार्यक्रमात गर्भवतींना लोहाबरोबर ५०० मायक्रोग्रॅम फोलिक आम्लाची गोळी दिली जाते. मुले सहा वर्षांची झाल्यावर सुमारे साडेसहाशे जणांची तपासणी झाली. ज्यांच्या मातांमध्ये फोलेट अधिक आणि ब-१२ कमी होते, त्या मुलांत इन्सुलिनरोध सर्वाधिक आढळला. २००८ च्या या निबंधाने चांगल्या हेतूच्या एका सरकारी गोळीबाबत प्रश्न उपस्थित केला. अर्थात हे निरीक्षण आहे, कार्यकारणभावाचा पुरावा नव्हे. गोळी बंद करा असा त्याचा अर्थ लावणे घातक ठरेल, कारण फोलिक आम्ल मज्जारज्जूतील जन्मजात दोष टाळते हे सिद्ध झालेले आहे.

आणखी एक निष्कर्ष २००३ मध्येच नोंदवला गेला होता. गर्भारपणी शेतातील व घरातील जड कामे करणाऱ्या स्त्रियांची बाळे वजनाने कमी होती. विहिरीवरून पाणी आणणे, खुरपणी, धुणे, सरपण यांचा हिशेब प्रश्नावलीतून काढलेला होता. नाशिक जिल्ह्यातील सिन्नर, येवला, नांदगाव या अवर्षणप्रवण तालुक्यांशी परिचय असलेल्या वाचकाला हे निराळे समजावून सांगण्याची गरज नाही. भाजीच्या निष्कर्षातून मुंबईच्या झोपडवस्त्यांत एक मोठा प्रयोग उभा राहिला. पालेभाजी, फळे व दूध घातलेला खाऊ सहा हजारांहून अधिक स्त्रियांच्या गटात देऊन पाहण्यात आला. २०१४ मध्ये निष्कर्ष आले तेव्हा जन्मवजनात एकंदर फरक दिसला नाही. गर्भधारणेच्या किमान तीन महिने आधीपासून खाऊ घेणाऱ्यांत तो थोडासा दिसला. जीवनसत्त्वाच्या निष्कर्षातूनही प्रयोग झाला, त्याचा उल्लेख पुढे येईल. कष्टाच्या निष्कर्षाच्या वाट्याला त्या तोडीचा प्रयोग आला नाही. याला संशोधकांचा दोष म्हणता येणार नाही. गोळी वा खाऊ अर्ध्या गटाला देऊन अर्ध्याला टाळता येतो. विहिरीचे अंतर अशा रीतीने चिठ्ठ्या टाकून वाटता येत नाही. तरीही परिणाम व्हायचा तो झाला. जे प्रयोगात बसते ते विज्ञानात ‘कारण’ म्हणून रुजते आणि जे बसत नाही ते ‘पार्श्वभूमी’ होऊन राहते.

याला जोडून आणखी एक धोका आहे. मधुमेहाचे मूळ मातेच्या उदरात शोधणारा सिद्धान्त लोकव्यवहारात उतरला की त्याचे रूपांतर मातेच्या दोषात सहज होते. सुनेने काय खाल्ले, काय खाल्ले नाही याचा हिशेब ठेवण्यास आपला समाज पूर्वीच तत्पर आहे. घरात तिला शेवटी व उरलेले जेवण मिळते, याचा हिशेब मात्र त्याच्या वहीत नसतो. मूळ अभ्यासात हा दोषारोप नाही. उलट त्याच्या आहार व श्रमाच्या नोंदी त्याविरुद्धचा उत्तम पुरावा आहेत.

अठरा वर्षांनंतर

मुले मोठी होत गेली आणि तपासण्या होत राहिल्या. सहाव्या वर्षी, बाराव्या वर्षी, अठराव्या वर्षी. दरम्यान पट्ट्याचेच रूप पालटत होते. चाकण, रांजणगाव, सणसवाडी येथे कारखाने उभे राहिले, पायी जाणारी मुले मोटारसायकलवर बसली. अठराव्या वर्षीच्या तपासणीचे निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. ३७ टक्के मुलगे आणि १८ टक्के मुली यांची रक्तशर्करा सामान्य मर्यादेबाहेर होती, बहुतेकांची मधुमेहपूर्व अवस्थेत. त्याच वेळी एकूण मुलांपैकी ४८ टक्के वजनाने प्रमाणापेक्षा कमी होती. कुपोषण आणि मधुमेह हे दोन स्वतंत्र खात्यांचे विषय मानणाऱ्या आरोग्यव्यवस्थेसाठी या दोन आकड्यांचे एकत्र येणे अडचणीचे आहे. ज्यांची साखर वाढली होती त्यांची ती बालपणापासूनच, मर्यादेच्या आत का होईना, इतरांहून किंचित अधिक होती. गर्भावस्थेतील त्यांची वाढही खुंटलेली होती.

२०२३ मध्ये भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीने १०.१ कोटी मधुमेही आणि १३.६ कोटी मधुमेहपूर्व अवस्थेतील भारतीयांचा अंदाज दिला. तो आकडा एका क्षणाचे चित्र आहे. सहा खेड्यांच्या वहीत त्याच चित्रामागचा पंचवीस वर्षांचा काळ आहे.

२०१२ मध्ये या मुलामुलींवरच पुढील प्रयोग सुरू झाला. किशोरवयातच त्यांना अल्प मात्रेत ब-१२, काहींना त्यासोबत अन्य सूक्ष्मपोषके, तर काहींना निष्क्रिय गोळी देण्यात आली. गर्भ राहिल्यानंतर उपाय करण्यास उशीर होतो, हे मुंबईच्या प्रयोगानेही सुचवले होतेच. पुढे यांतील मुली लग्न होऊन आपापल्या सासरी गेल्या. ज्यांच्या आयांच्या पाळीची तारीख १९९३ ते १९९६ या काळात टिपली गेली होती, त्यांच्या पहिल्या बाळंतपणाची वार्ता घेण्यासाठी कार्यकर्त्यांना आता सहा खेड्यांच्या सीमा ओलांडून जावे लागले. नाळेतील रक्त तपासले गेले आणि बाळाचे वजन पुन्हा एकदा वहीत उतरले.