प्लेक्स मोनो : ठळक तिरपा टंक

आयबीएम कंपनीने २०१७ मध्ये खुल्या परवान्याखाली प्रसिद्ध केलेल्या 'प्लेक्स' टंकसमूहातील 'मोनो' हा समान रुंदीचा टंक होय. माइक ॲबिंक यांनी 'बोल्ड मंडे' या संस्थेच्या सहकार्याने त्याची रचना केली.

यात प्रत्येक अक्षराला सारखीच जागा मिळते. इंग्रजी 'आय'ला पायाशी आडवी पट्टी देऊन ती भरावी लागते, तर 'एम'चे तीन दांडे दाटीने बसवावे लागतात. ठळक वळणात ही कोंडी वाढते. रेषा जाड होते, जागा तेवढीच राहते. मात्र त्यामुळेच संगणकीय आज्ञावलीतील एखादा शब्द ठळक केला तरी ओळींची उभी मांडणी ढळत नाही. या टंकाचे खरे मोल यातच आहे.

तिरपे वळण सरळ अक्षरे नुसती कलती करून साधलेले नाही. आयबीएमच्याच सिलेक्ट्रिक टंकलेखन यंत्रावरील 'इटॅलिक १२' या अक्षरवळणावरून ते स्फुरले.

आज्ञावलीतील टिपा व इशारे उठून दिसण्यासाठी ठळक तिरपा टंक उपयोगी पडतो. सलग मजकुरात तो डोळ्यांना शिणवतो. प्लेक्समध्ये देवनागरी आहे, पण ती 'सॅन्स' प्रकारात, 'मोनो'मध्ये नाही. जोडाक्षरे एकाच मापाच्या चौकटीत बसवणे अवघडच.