स्ट्रँगल्स (अश्वरोग)

स्ट्रँगल्स हा घोडा, गाढव व खेचर यांना होणारा श्वसनमार्गाचा अत्यंत संसर्गजन्य रोग असून तो स्ट्रेप्टोकॉकस इक्वाय या जीवाणूमुळे होतो. इ. स. १२५१ च्या सुमारास जॉर्डानस रुफस यांनी त्याचे वर्णन केले. तरुण घोड्यांत तो अधिक आढळतो. ताप येतो, नाकातून घट्ट पिवळसर स्राव वाहतो आणि जबड्याखालील लसीका ग्रंथी सुजून त्यांत पू होतो.

विश्रांती, मऊ ओला चारा व गळवाला शेक हे मुख्य उपचार होत. गळू पिकल्यावर पशुवैद्य पूचा निचरा करतात. पेनिसिलिनाने जीवाणू मरतात, तरी ते सरसकट देत नाहीत, कारण त्यामुळे पुरेशी प्रतिकारक्षमता निर्माण होत नाही. सुजेने श्वास कोंडू लागल्यास मात्र ते द्यावेच लागते. बरा दिसणारा घोडाही घशालगतच्या वायुकोशात जीवाणू बाळगू शकतो. म्हणून तपासणी होईपर्यंत त्याला वेगळे बांधतात.