वैद्यकीय निष्काळजीपणा आणि रुग्णाचा हक्क : दोन दाव्यांचा इतिहास

'नीम हकीम खतरा-ए-जान' ही उर्दू म्हण मराठी घरांतही ऐकू येते. अर्धवट शिकलेल्या वैद्यापासून सावध राहा, एवढेच ती सांगते. परंतु पदवीधर डॉक्टरच्या हातून इजा झाली तर काय करावे, याचे उत्तर म्हणीत नाही. ते न्यायालयांच्या निकालांतून हळूहळू घडत गेले. त्यातील दोन महत्त्वाचे दावे मराठी मुलखातील कुटुंबांनी लढले. त्यांचा मागोवा घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

६ मे १९५३ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील पालशेतच्या किनाऱ्यावर सुमारे वीस वर्षांच्या एका तरुणाच्या मांडीचे हाड मोडले. त्याला पुण्यास नेण्यात आले. तेथे भूल न देता, जोर लावून हाड बसविण्यात आले आणि ९ मे रोजी तो मरण पावला. आईवडिलांनी दावा लावला. 'जोशी विरुद्ध गोडबोले' या नावाने गाजलेल्या या खटल्यात १९६८ साली सर्वोच्च न्यायालयाने डॉक्टरची जबाबदारी कायम केली. रुग्ण स्वीकारावा की नाही, कोणते उपचार करावेत आणि ते कसे करावेत, या तिन्ही टप्प्यांवर डॉक्टरने वाजवी काळजी घेतली पाहिजे, हे सूत्र या निकालाने दिले. भरपाई होती ३,००० रुपये. पण सूत्र आजही वापरात आहे.

दुसरा दावा सरकारी रुग्णालयाचा. जुलै १९६३ मध्ये तेव्हाच्या औरंगाबादेत प्रसूतीनंतर एका स्त्रीची कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया झाली. तिच्या पोटात कापड राहून गेले व त्याच महिन्यात ती दगावली. 'खोडवा विरुद्ध महाराष्ट्र राज्य' या दाव्यात उच्च न्यायालयाने शासनाला जबाबदार धरले नाही. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरविला आणि ३६,००० रुपयांची भरपाई पुन्हा मंजूर केली. पोटात कापड राहणे हाच निष्काळजीपणाचा पुरावा ठरला. मात्र मृत्यूपासून निकालापर्यंत ३३ वर्षे लोटली होती. आईविना राहिलेली मुले तोवर प्रौढ झाली असतील.

गोव्याच्या वाचकांना या दाव्यांचे महत्त्व वेगळे सांगावयास नको. १९५३ साली येथे पोर्तुगीज राजवट होती. १९६१ नंतर गोवा भारतीय न्यायव्यवस्थेत आला. पणजीत १८४२ साली सुरू झालेल्या वैद्यकीय शाळेचे १९६३ साली गोवा वैद्यकीय महाविद्यालय झाले. पेडणे-डिचोलीतील गरीब रुग्णाला सरकारी रुग्णालयाचाच आधार असतो. म्हणून खोडवा निकाल त्याच्यासाठी मोलाचा आहे.

दिवाणी न्यायालयातील विलंबावर उपाय म्हणून १९८६ चा ग्राहक संरक्षण कायदा पुढे आला. पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा त्याच्या कक्षेत येते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली ठरविले. जेथे काही रुग्ण पैसे भरतात, तेथील मोफत रुग्णांनाही हे संरक्षण मिळाले. सर्वांनाच मोफत सेवा देणारी रुग्णालये मात्र कक्षेबाहेर राहिली. त्यांच्याविरुद्ध दिवाणी दाव्याची वाट उरते. २०१९ च्या नव्या कायद्याने रुग्णाला स्वतःच्या राहत्या जिल्ह्यात तक्रार करता येते. पेडण्याचा रुग्ण शेजारच्या राज्यात उपचार घेऊन आला, तरी तो उत्तर गोवा जिल्हा आयोगाकडे जाऊ शकतो. मुदत दोन वर्षांची असते.

फौजदारी कारवाईसाठी निष्काळजीपणा गंभीर स्वरूपाचा असावा लागतो, असे २००५ च्या जेकब मॅथ्यू निकालाने स्पष्ट केले. हेही योग्यच आहे. उपचार अयशस्वी झाला म्हणजे डॉक्टर दोषी, असे होत नाही. प्रत्येक अपयशास गुन्हा मानले तर अवघड रुग्णाला हात लावण्यास कोण धजेल?

शेवटी एक व्यावहारिक गोष्ट. दावा टिकतो तो कागदांवर. २००२ च्या वैद्यकीय आचारनियमांनुसार मागणी केल्यापासून ७२ तासांत उपचारांची कागदपत्रे देणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे. दुःखात असलेले कुटुंब ही मागणी करावयास विसरते आणि मग उशीर होतो. आपल्या सुशिक्षित तरुणांनी शेजारच्या घरी असा प्रसंग ओढवल्यास निदान तो लेखी अर्ज लिहून द्यावा. तेवढ्यानेही एखाद्या कुटुंबाची बरीच वर्षे वाचतील.