ॲक्रोमेगॅलीनंतरची वृद्धी संप्रेरक पूरक चिकित्सा

ॲक्रोमेगॅलीवरील उपचारानंतर काही रुग्णांमध्ये वृद्धी संप्रेरकाची कमतरता निर्माण होते. ती भरून काढण्यासाठी हे संप्रेरक बाहेरून देण्याच्या उपचारास वृद्धी संप्रेरक पूरक चिकित्सा म्हणतात. ज्या संप्रेरकाच्या अतिरेकामुळे मूळ आजार झाला, तेच पुढे औषध म्हणून दिले जात असल्याने हा निर्णय विशेष काळजीपूर्वक घ्यावा लागतो.

पार्श्वभूमी

ॲक्रोमेगॅली हे नाव फ्रेंच वैद्यक प्येर मारी यांनी १८८६ मध्ये दिले. मेंदूच्या तळाशी असलेल्या पियुषिका ग्रंथीतील गाठ वृद्धी संप्रेरक अतिरिक्त प्रमाणात स्रवते. त्यामुळे हात, पाय व जबडा मोठे होतात, तसेच हृदयविकार व मधुमेह संभवतात. शस्त्रक्रिया किंवा किरणोपचारात ग्रंथीच्या निरोगी भागालाही इजा होऊ शकते. किरणोपचारानंतर ही कमतरता कित्येक वर्षांनीही उद्भवते.

लक्षणे व निदान

पोटाभोवती चरबी वाढणे, स्नायू व हाडे दुर्बल होणे, थकवा आणि निरुत्साह ही प्रमुख लक्षणे होत. संप्रेरक दिवसभर कमीअधिक स्रवत असल्याने रक्ताच्या एकाच नमुन्यावरून निदान होत नाही. इन्सुलिन किंवा ग्लुकागॉन देऊन उद्दीपन चाचणी करतात. हृदयविकार किंवा अपस्मार असलेल्यांना इन्सुलिन चाचणी टाळतात.

उपचार

पूर्वी हे संप्रेरक मृतांच्या पियुषिका ग्रंथींपासून मिळवीत. त्यातून क्रॉइट्झफेल्ट-याकोब हा प्राणघातक मेंदूविकार संक्रमित झाल्याचे १९८५ मध्ये उघड झाले. त्यानंतर जनुकीय तंत्राने तयार केलेले संप्रेरक प्रचारात आले. ते त्वचेखाली, सामान्यतः रोज, टोचतात. अल्प मात्रेने आरंभ करून रक्तातील आयजीएफ-१ या घटकाच्या पातळीनुसार मात्रा ठरवितात. तत्पूर्वी कॉर्टिसॉल व थायरॉइड संप्रेरकांची उणीव दूर करणे आवश्यक असते.

लाभ व जोखीम

२०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी चाचणीत सहा महिन्यांच्या उपचाराने पोटातील चरबी घटली व जीवनमान सुधारले. नेदरलँड्समधील एका लहान अभ्यासात मात्र मर्यादितच परिणाम दिसला. सूज, सांधेदुखी व रक्तशर्करेतील वाढ हे दुष्परिणाम संभवतात. पूर्वीच्या आजाराने हृदयावर ताण पडलेल्या रुग्णांबाबत अधिक सावधगिरी बाळगतात. सक्रिय कर्करोगात हा उपचार वर्ज्य आहे. मूळ आजार पुन्हा उद्भवला नाही ना, याची नियमित तपासणी उपचारकाळातही चालू ठेवावी लागते.