'ओ सनम' यादीतून कापलं, त्यावरून थोडं

मंडळी, पोस्ट लांब आहे. सुट्टीच्या दिवशी चहा घेऊन वाचा.

गेल्या गणपतीत आमच्या बेटेगावातल्या पोरांनी गाण्यांचा कार्यक्रम बसवला होता. एमआयडीसीत कामाला जाणारी पोरं ही. दोन गिटार, एक ढोलकी, आणि शिफ्ट सुटल्यावर रात्री सराव. यादीत मराठी गाणी जास्त, दोनतीन हिंदी सिनेमातली, आणि शेवटी लकी अलीचं 'ओ सनम'. आदल्या दिवशी मंडळातल्या एका ज्येष्ठांनी यादी मागवली आणि शेवटच्या गाण्यावर पेनाने रेघ मारली. "उर्दू गाणी नकोत. पाकिस्तानी गाणी आपल्या स्टेजवर, तीही या वर्षी? लोक काय म्हणतील?" पोरं गप्प बसली. मी तिथेच खुर्चीवर होतो, मीही गप्प बसलो. ते तेव्हापासून खातंय, म्हणून लिहितोय.

आधी एक सांगतो. "या वर्षी" या शब्दांत जो राग होता तो खोटा नव्हता. २२ एप्रिल २०२५ ला पहलगामला २६ माणसं मारली गेली, त्यातली ६ आपल्या महाराष्ट्राची. डोंबिवली आपल्याला काही लांब नाही. मे महिन्यात 'ऑपरेशन सिंदूर' झालं, ८ मे ला केंद्र सरकारने सगळ्या ॲपवाल्यांना कळवलं की पाकिस्तानात तयार झालेल्या मालिका, सिनेमे, गाणी, सगळं बंद करा. माझ्या भाच्याच्या मोबाईलमधली निम्मी यादी एका रात्रीत करडी झाली. गाण्याचं नाव दिसतं, दाबलं तर वाजत नाही. 'रईस'च्या गाण्यांच्या पोस्टरवरून माहिरा खान गायब झाली, शाहरुख एकटाच उरला. सरकारचा निर्णय बरोबर की चूक यावर भांडायला आज बसलेलो नाही. देश देशाशी व्यवहार तोडतो, तो त्याचा अधिकार.

पण लकी अली पाकिस्तानी नाही हो! मेहमूदचा मुलगा, जन्म मुंबईचा. 'ओ सनम' ज्या 'सुनो' अल्बममधलं, तो १९९६ चा. गाणी लिहिणारे सय्यद अस्लम नूर. आपल्या ज्येष्ठांना 'सनम' शब्द दिसला आणि त्यांनी पासपोर्ट न बघताच रेघ मारली. इथे माझं भांडण आहे. देशावरचा राग भाषेवर कधी उतरला, हे आपल्याला कळलंच नाही.

ज्यांचा जन्म मोबाईलनंतरचा, त्यांच्यासाठी थोडं मागे जातो.

तेव्हा बोईसरला स्टेशनजवळ एक कॅसेटवाला होता. ओरिजिनल कॅसेट परवडायची नाही म्हणून आम्ही कोरी कॅसेट देऊन गाणी 'भरून' घ्यायचो. वहीच्या कागदावर यादी लिहून द्यायची, दोन दिवसांनी यायचं. अर्धी गाणी याच्यातली, अर्धी त्याच्यातली, आणि शेवटचं गाणं हमखास मध्येच तुटलेलं. त्याच्या फळीवर तीन कप्पे होते: मराठी, हिंदी फिल्मी, आणि 'पॉप'. त्या तिसऱ्या कप्प्यात लकी अली, अलीशा चिनॉय आणि पाकिस्तानचा जुनून बँड शेजारी शेजारी उभे असायचे. दुकानदाराने देशाप्रमाणे कप्पे केले नव्हते. काय खपतं त्याप्रमाणे केले होते.

लकी अलीच्या पुढच्या अल्बमची नावं बघा: 'सिफर', 'अक्स'. सिफर म्हणजे शून्य. गंमत अशी की अरबांनी आपल्या 'शून्य'चं भाषांतर करूनच तो शब्द घडवला. अक्स म्हणजे प्रतिबिंब. आम्ही याला 'हिंदी पॉप' म्हणायचो. शब्द उर्दूचे, गाणारा मुंबईचा, लेबल हिंदीचं. याच शब्दांवर कराचीचा शिक्का असता तर लेबल 'पाकिस्तानी' झालं असतं. लेबल भाषेवरून लागत नव्हतंच, गाणाऱ्याच्या पत्त्यावरून लागत होतं.

हे लकी अलीपासून सुरू झालं असंही नाही. १९८० चा 'कुर्बानी' आठवा. फिरोज खानच्या या सिनेमात कल्याणजी-आनंदजींच्या गाण्यांमध्ये एक गाणं वेगळंच होतं, 'आप जैसा कोई'. चाल बिद्दूची, हा मूळचा बंगलोरचा माणूस, लंडनला जाऊन मोठा झालेला. शब्द इंदीवर यांचे. आणि गायली कोण, तर कराचीत जन्मलेली नाझिया हसन. तेव्हा ती अजून शाळकरी मुलगी होती. फिल्मफेअर तिला मिळालं. पुढच्याच वर्षी, १९८१ ला, बिद्दूने तिचा आणि तिचा भाऊ झोहेबचा 'डिस्को दीवाने' अल्बम केला आणि आपल्याकडे तो एचएमव्हीने काढला. सिनेमाशिवाय गाण्यांचा अल्बम एवढा चालू शकतो हे आपल्या कंपन्यांना त्याने दाखवलं. याच बिद्दूने १९९५ ला अलीशाचं 'मेड इन इंडिया' केलं. म्हणजे ज्याला आपण नव्वदच्या दशकातलं देशी पॉप म्हणून मिरवतो, त्याची एक मुळी कराचीच्या त्या मुलीपर्यंत जाते. पाकिस्तानी पॉपची मुळीही तिकडून बिद्दूपर्यंत आणि मुंबईच्या सिनेमापर्यंत येते. आता यातलं 'त्यांचं' किती आणि 'आपलं' किती, कापून दाखवा कोणी.

जुनूनची गोष्ट आपल्या तारापूरवाल्यांनी तर मुद्दाम ऐकावी. सलमान अहमद गिटारवर, अली अजमत गायला, आणि बासवर ब्रायन ओकॉनेल नावाचा अमेरिकन. उर्दू-पंजाबी शब्द, सूफी वळण आणि खणखणीत रॉक. १९९७ चा त्यांचा 'आझादी' अल्बम आपल्याकडे आला आणि 'सय्योनी' चॅनल व्ही आणि एमटीव्हीवर दिवसभर वाजायला लागलं. मे १९९८ मध्ये पोखरणचे स्फोट झाले, त्याच महिन्यात पाकिस्ताननेही केले. मला तो दिवस आठवतो, आमच्याकडे पेढे वाटले होते. आपल्याकडे १९६९ पासून अणुवीज केंद्र, त्यामुळे 'अणू' म्हटलं की जणू घरचंच कार्य. (तारापूरच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या विजेसाठीच्या, आंतरराष्ट्रीय तपासणीखालच्या. बॉम्बशी संबंध नाही. पण पेढे कोण नाकारतो?) त्या वातावरणात जुनूनवाले भारतात येऊन उघडपणे म्हणाले की दोन्ही देशांनी हा पैसा माणसांवर खर्चावा. झालं! नवाझ शरीफ यांच्या सरकारने त्यांना सरकारी टीव्ही आणि रेडिओवरून हद्दपार केलं. त्याआधी १९९६ ला भ्रष्टाचारावरच्या 'एहतिसाब' गाण्यावरही त्यांना तिकडे बंदी भोगावी लागली होती. म्हणजे ज्यांना आपण 'पाकिस्तानी' म्हणून कापतो, त्यांना पाकिस्ताननेच 'देशविरोधी' म्हणून कापलं होतं. मी 'सय्योनी' भरून घेतलेली कॅसेट अजून ठेवली आहे. वाजवायला टेप नाही ही गोष्ट वेगळी.

पुढे मुंबईने या बँडवाल्यांना अल्बममधून उचलून सिनेमात घेतलं. पूजा भट्टच्या 'पाप'मध्ये अली अजमतचं 'गरज बरस', 'कलयुग'मध्ये आतिफ अस्लमचं 'आदत', २००६ च्या 'जिंदा'मध्ये स्ट्रिंग्स. 'आदत'ची तर तिकडेच भांडणं. जल बँड फुटला आणि २००४ ला एकच गाणं दोन अल्बममध्ये आलं, आतिफच्या 'जल परी'त आणि जलच्या 'आदत'मध्ये. आपल्याला त्या भांडणाशी देणंघेणं नव्हतं. पालघर शटलमध्ये दाराशी उभी असलेली प्रत्येक प्रेमभंगी पोरं तेच गाणं गुणगुणायची.

मग वारं फिरत गेलं. २०१५ च्या ऑक्टोबरात गुलाम अलींचा मुंबईतला कार्यक्रम शिवसेनेच्या विरोधामुळे रद्द. तो जगजीत सिंहांच्या आठवणीसाठी होता. २०१६ ला उरीनंतर निर्मात्यांच्या संघटनेचा ठराव, २०१९ ला पुलवामानंतर पुन्हा. मध्ये २०२३ ला पाकिस्तानी कलाकारांवर सरसकट बंदी घाला अशी याचिका मुंबई उच्च न्यायालयाने फेटाळली, सर्वोच्च न्यायालयानेही फेटाळली. मग पहलगाम आलं आणि सगळंच बंद झालं. प्रत्येक वेळी कारण रक्ताचं होतं, हे मी विसरत नाही. पण प्रत्येक वेळी रेघ थोडी पुढे सरकत गेली. आधी माणूस, मग त्याचं गाणं, मग त्याचा फोटो, आणि आता बेटेगावात मुंबईत जन्मलेल्या माणसाचं गाणं, कारण त्यात उर्दू शब्द आहेत.

आणि उर्दूत रॉक आज कुठे होतंय? बंगलोरला परवाझ नावाचा बँड आहे, त्यांचे 'बारान' (२०१४) आणि 'कुन' (२०१९) हे उर्दू-काश्मिरी अल्बम शोधून ऐका, कानात हेडफोन घालून. आपल्या पुण्यात घडलेला अलिफ आहे, काश्मीरहून आलेल्या मोहम्मद मुनीमचा बँड, त्यांचा 'सुफैद'. ही पोरं आपल्याच देशाची भाषा गात आहेत. पहलगामच्या रागात यांच्यावरही रेघ मारायची? मग काश्मीर आपलं म्हणायचं ते कोणत्या तोंडाने?

पहलगामच्या आठवडाभर आधी, १५ एप्रिल २०२५ ला, सर्वोच्च न्यायालयाचा एक निकाल आला होता, तो पुढच्या धुरळ्यात विसरला गेला. अकोला जिल्ह्यातल्या पातूर नगरपरिषदेच्या पाटीवर मराठीखाली उर्दूतही नाव होतं. ते काढा म्हणून खटला दिल्लीपर्यंत गेला. न्यायालयाने पाटी ठेवली. भाषा म्हणजे धर्म नव्हे आणि उर्दू याच मातीत जन्मलेली भाषा आहे, असा त्या निकालाचा आशय. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात ७५ लाखांवर लोकांनी आपली मातृभाषा उर्दू सांगितली आहे. ती माणसं मालेगाव, भिवंडी, औरंगाबाद, मुंब्र्याची आहेत. आपल्या एमआयडीसीत शेजारच्या मशीनवर उभी आहेत.

एमआयडीसीवरून आठवलं. सकाळी गेटवर आपण काय बोलतो? हजेरी. रजा. मालक. कारखाना. सगळे फारसी-अरबीतून आलेले. (पगार तेवढा पोर्तुगीजांकडून आला, तो उशिरा का येतो ते आता कळलं असेल.) शिवरायांनी राज्यव्यवहारकोश करून घेतला, सावरकरांनी 'तारीख'च्या जागी 'दिनांक' दिला. मराठीचा अभिमान म्हणून मला दोन्हींचा आदर आहे. तरीही आपल्या सुरेश भटांनी गझलांच्या संग्रहाला नाव दिलं ते 'एल्गार'. आणि उद्या कोणी उर्दू गाण्यांविरुद्ध बोर्ड लावलाच, तर त्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असेल 'जाहीर निषेध'. त्यातला 'जाहीर' कुठला ते बघा.

त्या ज्येष्ठांवर माझा वैयक्तिक राग नाही. माझ्या लग्नात पंगतीला वाढायला तेच पुढे होते. त्यांनी रेघ मारली कारण कोणी विचारलं नाही, आणि विचारायचं काम माझं होतं.

येत्या रविवारी मंडळाची मीटिंग आहे. पोरांनी नवी यादी केली आहे, शेवटी पुन्हा 'ओ सनम' आहे, या वेळी पुढे कंसात 'लकी अली, मुंबई' असं लिहून. मी येणार आणि बोलणार आहे. बोईसर पूर्वेच्या मंडळींपैकी ज्यांना यायचं त्यांनी या. ज्यांचं मत माझ्याविरुद्ध आहे त्यांनी तर जरूर या. आणि कोणाकडे चालू स्थितीतला टेपरेकॉर्डर असेल तर सोबत आणा, कॅसेट मी आणतो.